साखर बाटलीत कमी करू नका, पेल्यात कमी करा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देते आहे. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मापं नीट मांडली आहेत.

उन्हाळा लागला की तुमचे प्रश्न ठरलेले असतात. कोकमाचं सरबत घरी कसं करायचं, लिंबाचं सिरप किती दिवस टिकतं, पन्ह्याचा गर वर्षभर ठेवता येतो का. पण यंदा एक प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. "ताई, सरबतात साखर फार लागते. निम्मी घातली तर चालेल का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. घरोघरी कुणाला ना कुणाला मधुमेह आहे, मुलांच्या दातांची काळजी आहे, आणि एक किलो आमसोलांवर दोन किलो साखर ओतताना हात थबकतोच. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकते. साखर कमी करायची तर ती पेल्यात करा, बाटलीत करू नका. बाटलीतली साखर गोडीसाठी नसतेच मुळी. ती टिकण्यासाठी असते. आजचा सगळा भाग या एका वाक्यावर आहे.

पन्हं वेगळं, सरबत वेगळं

आपल्याकडे गोड पेयांचे दोन प्रकार आहेत आणि ते दोन वेगळ्या स्वभावाचे आहेत. पन्हं हा शब्द संस्कृत 'पानक' वरून आला. सरबत हा अरबी मुळाचा शब्द, 'पिणे' या अर्थाच्या धातूवरून आलेला. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'सिरप' आणि आपल्या ओळखीचा 'शराब' हे दोन्ही त्याच धातूचे. एकाच घरातली तीन भावंडं, तिघांचे मार्ग मात्र अगदी वेगळे!

शब्दांचं सोडा, स्वयंपाकघरात फरक काय? पन्हं हे करायचं आणि संपवायचं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सकाळी कैऱ्या उकडल्या, दुपारी गर काढून गूळ-वेलची घातली, संध्याकाळी आंब्याच्या डाळीबरोबर पातेलं रिकामं. तिथे गूळ केवळ चवीला असतो. तो कमी करा, जास्त करा, तुमची मर्जी. सरबताचं सिरप मात्र मे महिन्यात भरून ठेवायचं आणि पुढे कित्येक महिने पुरवायचं. तिथे मर्जी चालत नाही, तिथे हिशोब चालतो.

साखर नेमकं काय करते?

फळाच्या रसात पाणी असतं. बुरशीला आणि यीस्टला, म्हणजे आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवांना, जगायला पाणी लागतं. भरपूर साखर विरघळली की ती पाण्याला धरून ठेवते. पाणी बाटलीत असतं, पण त्या जीवांच्या वाट्याला येत नाही. उलट त्यांच्याच पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं. लोणच्यात मीठ जे काम करतं तेच सरबतात साखर करते. लोणच्यात मीठ निम्मं करून बघू का, असं आपण विचारत नाही, कारण काय होईल ते आपल्याला माहीत असतं.

मग किती साखर पुरते? ढोबळ आकडा लक्षात ठेवा, वजनाने ६५ टक्के. म्हणजे १०० ग्रॅम सिरपमध्ये ६५ ग्रॅम साखर. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही फळांच्या सिरपला किंवा सरबताला विद्राव्य घटक किमान ६५ टक्के लागतात. स्क्वॉशला ४० टक्के पुरतात, पण बाजारातल्या स्क्वॉशमध्ये बहुधा संरक्षक रसायन असतं. आपल्या घरच्या बाटलीत ते नसतं, म्हणून आपल्याला ६५ च्या घरात राहायचं आहे.

हा ६५ चा आकडा स्वयंपाकघरात आणणं सोपं आहे. एक भाग पाणी, दोन भाग साखर, दोन्ही वजनाने. अर्धा लिटर पाण्याला एक किलो साखर. झाले साधारण ६७ टक्के.

आता इथे दोन ठिकाणी गफलत होते, तेवढं नीट ऐका.

पहिली गफलत वाटीची. "एक वाटी रस, दोन वाट्या साखर" असं आपण सहज म्हणतो. पण साखरेच्या दाण्यांत हवा असते. २५० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २५० ग्रॅम बसतं, साखर मात्र साधारण २०० ते २१० ग्रॅमच. म्हणजे वाटीने मोजलंत की साखर आपोआप कमी पडते आणि आकडा ६२ च्या आसपास येतो. म्हणून सिरप करताना वजनकाटा वापरा. नसेल तर दोनऐवजी अडीच वाट्या घ्या.

दुसरी गफलत रसाची. एक किलो साखर आणि एक लिटर पाण्याचा पाक केला, गार झाल्यावर त्यात अर्धा लिटर लिंबाचा रस घातला. दिसायला छान सिरप दिसतं. पण रस हे सुद्धा पाणीच आहे! एकूण अडीच किलोत साखर एक किलो, म्हणजे ४० टक्के. हे सिरप फ्रीजबाहेर आठवडाभरातही फसफसू शकतं. हिशोब करताना पाणी आणि रस दोन्ही एकाच बाजूला धरायचे.

चाळीस बाटल्यांची गोष्ट

हे सगळं मी एवढं जोर देऊन का सांगते आहे? कणकवलीच्या बाजूला एक महिला बचत गट आहे. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. या बायका दर मे महिन्यात अमृत कोकम करतात. माल चांगला, हात स्वच्छ, गिऱ्हाईक ठरलेलं. एका वर्षी पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली, "कमी साखरेचं नाही का?" गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून त्यांनी एका खेपेला साखर निम्मी घातली. चव सुरेख होती. चाळीस बाटल्या हातोहात गेल्या.

तीन आठवड्यांनी फोन यायला लागले. झाकण उघडताच फस्स करून फेस बाहेर येतोय, वास दारूसारखा येतोय. एका घरी काचेची बाटली ओट्यावरच फुटली. सुदैवाने कुणाला लागलं नाही. गटाने सगळे पैसे परत केले. आणि खरं नुकसान त्याहून पुढचं. तोवर पाऊस सुरू झाला होता. रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, पावसात सापडले की फळ कुजतं. म्हणजे पुन्हा करायचं म्हटलं तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं. त्या बायकांच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्या बाटल्यांत होते हो.

त्यांचा हेतू चुकीचा नव्हता, गिऱ्हाइकांचाही नव्हता. फक्त साखरेचं काम काय आहे हे त्या साखळीत कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

अमृत कोकम, विस्तवाशिवाय

आता कृतीकडे वळू. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि त्याचं सरबत करायची जी कोकणातली पद्धत आहे तिच्यात गॅस पेटवावाच लागत नाही.

ताजे, लालभडक पिकलेले, न चेपलेले रातांबे घ्या. धुऊन कपड्यावर पसरून पूर्ण कोरडे करा. अर्धे कापा, आतल्या बिया आणि गर बाजूला काढा. बियांचं पुढे भिरंडेल होतं, टाकू नका. सालींच्या वाट्यांचं वजन करा. एक किलो साली असतील तर दोन किलो साखर. प्रत्येक वाटीत साखर भरायची आणि काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत थर लावायचे. वरचा थर साखरेचाच हवा. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून बरणी रोज उन्हात, रात्री घरात. दिवसातून एकदा बरणी हलवायची किंवा कोरड्या पळीने ढवळायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघा, पाण्याचा थेंब न घालता बरणी रसाने भरलेली असते. साखरेने सालीतलं पाणी ओढून काढलं, आणि त्याबरोबर रंग आणि आंबटपणाही आला. साधारण आठवडाभरात साखर विरघळते. सगळी विरघळेपर्यंत थांबा, मग गाळा. चवीपुरतं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला, किंवा ती प्यायच्या वेळी घाला. मी दुसरंच करते, कारण जिऱ्याचा वास महिन्याभरात मंदावतो. उरलेल्या साली उन्हात वाळवल्या की मुलं गोळ्यांसारख्या खातात.

एक मात्र पाळा. कोकम फार आंबट. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं यांना ते लागू द्यायचं नाही. स्टील, काच, चिनी माती, बस.

रातांबे मिळत नाहीत अशा गावी असाल तर वाळलेल्या आमसुलांवर करा. बाजारातली आमसुलं बहुधा मिठाची असतात, ती आधी एकदा भर्रकन धुऊन घ्या. पाव किलो आमसुलं पाऊण लिटर कोमट पाण्यात तीन-चार तास भिजवा, कुस्करून गाळा. जेवढं पाणी निघेल ते मोजा आणि त्याच्या दुप्पट साखर. ६०० ग्रॅम निघालं तर एक किलो २०० ग्रॅम. साखर विरघळली आणि एक उकळी आली की गॅस बंद. जास्त उकळू नका. पाणी आटत गेलं तर पुढे बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे धरतात.

लिंबाची तऱ्हा वेगळी

लिंबाचा रस कधी उकळायचा नाही. त्याचा ताजा वास उकळीत निघून जातो आणि उरते ती नुसती आंबट-कडवट चव. पिळताना सालीवर फार जोर नको आणि बी चिरडायला नको, कडूपणा तिथून येतो. गाळलेल्या रसाचं वजन करा, दुप्पट साखर घाला, बरणीत भरून रोज ढवळत तीन-चार दिवस उन्हात ठेवा. साखर हळूहळू विरघळते. घाई असेल तर एक किलो साखर पाव लिटर पाण्यात ढवळत गरम करा, दाट पाक होईल, तो कोमट झाला की पाव लिटर रस घाला. हिशोब तोच, अर्धा किलो पाण्या-रसाला एक किलो साखर. लिंबाचं सिरप काळपट पडू द्यायचं नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा.

गुलाब, वाळा, आलं यांचा साधा पाक करताना त्यात चमचाभर लिंबाचा रस उकळत्या पाकातच घाला. इथे तो चवीसाठी नाही. आंबटपणामुळे साखरेचा थोडा भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि मग फ्रीजमध्येही खडे सहसा धरत नाहीत. मिठाईवाले पाकात लिंबू पिळतात ते याचसाठी. केशर, वेलची, गुलाबपाणी मात्र गॅस बंद करून, पाक गार होत आल्यावर. सुवास उडून जाणारी वस्तू आहे ती.

झाकणाखालचा थेंब

साखर बरोबर, फळ ताजं, तरीही बाटलीच्या तोंडाशी पांढरी बुरशी. असं का होतं? सिरप गरम असताना झाकण लावलं की वाफ झाकणाला धरते आणि थेंब होऊन परत सिरपवर पडते. वरचा एक पातळ थर पातळसर होतो. खाली ६५ टक्के, वर कदाचित ४०. बुरशीला तेवढंच हवं असतं. ओल्या चमच्यानेही हेच होतं. घरातल्या आज्ज्या ओल्या हाताला बरणीपाशी येऊ देत नसत, ती शिस्त सोवळ्याइतकीच टिकवण्याचीही होती.

म्हणून काचेच्या बाटल्या पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, उलट्या ठेवून पूर्ण वाळवायच्या. सिरप गार झाल्यावर भरायचं, गळ्यापर्यंत भरायचं. मोठ्या दोन बाटल्यांपेक्षा लहान सहा बऱ्या, कारण उघडलेलीच बाटली बिघडते. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची. आणि कितीही साखर घातली तरी काही चिवट यीस्ट त्यातही तग धरतात. बुडबुडे दिसले, झाकण फुगलं, आंबूस वास आला की बाटली टाकून द्या. वरची बुरशी काढून खालचं वापरायचं नाही.

"संरक्षक पावडर घालू का?" असंही काहींनी विचारलंय. नियमात सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट यांना परवानगी आहे, पण किलोमागे ग्रॅमपेक्षाही कमी मापात. घरातला चमचा आणि वजनकाटा एवढं बारीक मोजू शकत नाही. शिवाय मेटाबायसल्फाइटने कोकम, जांभूळ यांचा लाल-जांभळा रंग फिका पडतो आणि दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो. घरच्यासाठी साखर, आंबटपणा आणि स्वच्छता एवढं पुरेसं आहे. विकायचं असेल तर मात्र नोंदणी, लेबल, मोजमाप सगळं रीतसर शिकून घ्या.

आता पेल्याकडे

मग साखर कमी कशी करायची? हिशोब करू. ६५ टक्क्यांचं सिरप जड असतं. दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर, भरतात साधारण ४० ग्रॅम. त्यात साखर २६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की वरून मिळणारी साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, मोठ्या माणसाला ढोबळ मानाने ५० ग्रॅम, आणि २५ ग्रॅमपर्यंत आणली तर आणखी चांगलं. म्हणजे एका पेल्यात तो कमी आकडा संपला. सुट्टीत मुलं दिवसाला तीन पेले पितात, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

इथे कात्री चालवा. सिरप एकच चमचा घ्या आणि चव फिकी लागू नये म्हणून पाण्याऐवजी आमसुलं भिजवलेलं पाणी वापरा. साखर निम्मी, कोकम तेवढंच. लिंबाच्या सरबतात अर्धं ताजं लिंबू पिळा. चिमूटभर मीठ आणि जिरं घाला. आणि गोडी बर्फ घालण्याआधी चाखा. थंडगार पेयाची गोडी जिभेला कमी लागते, त्यामुळे बर्फ घालून चाखलं की हात आपोआप पुन्हा सिरपकडे जातो.

आणि ज्यांना साखर फारच थोडी चालते त्यांच्यासाठी सिरपचा मार्गच सोडा, थंडीचा मार्ग धरा. कैरी उकडून गर काढा, गूळ न घालता बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, वड्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा. लागेल तेव्हा दोन वड्या काढा आणि ज्याच्या त्याच्या पेल्यात हवा तेवढा गूळ. आजोबांचा वेगळा, नातवाचा वेगळा. लिंबाचा रसही असाच गोठतो. टिकवण्याचं काम इथे फ्रीजर करतो, म्हणून साखरेला सुट्टी देता येते. वीज तासन्‌तास जाणाऱ्या गावात मात्र हा भरवसा धरू नका. आणि वाळा? मुळ्यांची जुडी धुऊन रात्रभर माठात टाका. सकाळी सुगंधी पाणी तयार, साखर शून्य.

शेवटची गोष्ट, ही गंभीर आहे. जुलाब होत असलेल्या मुलाला गोड सरबत पाजू नका. खूप गोड पेय आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढू शकतात. सालीतून पाणी ओढलं होतं ना, तसंच. अशा वेळी जीवनरक्षक क्षारांची पुडी, म्हणजे ओआरएस. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, नीट मोजून, आणि डॉक्टरांकडे जा. उन्हात भोवळ येऊन कुणी पडलं, बरळायला लागलं, तर त्यालाही सरबत पाजत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी घाला, दवाखाना गाठा. सरबत हे पाहुण्यासाठी आणि तहानेसाठी आहे, औषध नाही.

तर या उन्हाळ्यात बरणी भरताना वजनकाटा जवळ ठेवा, आणि पेला भरताना हात जरा आखडता घ्या. तुमच्याकडे करवंदाचं, जांभळाचं, आवळ्याचं सरबत कसं करतात ते नक्की कळवा, मापासकट कळवा! पुढच्या भागात वाळवणं. तोवर पाणी भरपूर प्या आणि दुपारचं ऊन टाळा. भेटूच.